राजाची पावलं आणि खुब्याचं हाड

बॅले शिकणाऱ्या मुलींसाठी हल्ली फिरत्या चकत्या विकायला असतात. दोन चकत्यांवर दोन पावलं ठेवायची, टाचेला टाच लावायची आणि चवडे बाहेर फिरवत न्यायचे. रोज केलं की काही आठवड्यांत दोन्ही पावलं एका सरळ रेषेत येतील, असा विक्रेत्यांचा दावा. पावलं येतीलही. पण ती शरीरातल्या कुठल्या सांध्यातून वळली, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

पावलं बाहेर वळवण्याचा हा हट्ट, ज्याला नर्तक टर्नआउट म्हणतात, आला फ्रान्सच्या राजदरबारातून. बॅले म्हणजे पांढऱ्या झग्यातल्या नाजूक मुली आणि अंगठ्यांवर तोललेलं शरीर, हे चित्र एकोणिसाव्या शतकातलं. त्याआधी दोनेकशे वर्षं हा प्रकार चालू होता आणि सुरुवातीला नाचणारे होते खुद्द राजा, राणी आणि सरदार.

१५ ऑक्टोबर १५८१ च्या रात्री पॅरिसमध्ये, लूव्रला लागून असलेल्या पेती-बूर्बोंच्या दालनात, राणीच्या बहिणीच्या लग्नानिमित्त 'बाले कॉमीक द ला रेन' हा खेळ झाला. राजमाता कॅथरीन द मेदिची मूळची फ्लॉरेन्सची. नाच, गाणं आणि देखावे एकत्र गुंफायची इटलीतली हौस तिने फ्रान्समध्ये चांगलीच रुजवली होती. खेळ बसवला बाल्ताझार द बोज्वायो या इटलीहून आलेल्या व्हायोलिनवादकाने, आणि तो चालला पाच तासांहून अधिक. प्रेक्षक दालनाच्या तीन बाजूंना आणि वरच्या सज्ज्यांत बसलेले. नर्तक जमिनीवर वर्तुळं, चौकोन, त्रिकोण रचत होते. वरून बघणाऱ्याला भूमिती दिसते. कोणाचा चवडा कुठे वळलाय याची त्याला काय फिकीर?

पुढे चौदाव्या लुईला नाचाचं वेडच होतं. १६५३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो 'बाले द ला न्यूई'मध्ये उगवता सूर्य बनून नाचला आणि सूर्यराजा हे नाव त्याला कायमचं चिकटलं. १६६१ मध्ये त्याने १३ नृत्यगुरूंची राजेशाही नृत्य अकादमी काढली. फ्रेंच विज्ञान अकादमी निघाली १६६६ मध्ये, म्हणजे नाचाच्या पाच वर्षं मागून. विज्ञानप्रेमींनी यावर नाक मुरडू नये, कारण नाचाचं पद्धतशीर वर्गीकरण त्याच सुमाराला सुरू झालं. राजाचा नृत्यगुरू प्येर बोशां याने पावलांच्या पाच मूळ स्थिती ठरवल्या. पाचही स्थितींत चवडे बाहेर.

बाहेरच का? एक कारण रुबाबाचं. यासँत रिगो याने १७०१ मध्ये काढलेलं लुईचं चित्र बघा: साठी ओलांडलेला राजा, पांढरे तंग मोजे, लाल टाचांचे बूट, एक पाय पुढे आणि चवडा बाहेर. पोटरी दाखवायची तर पाय असाच ठेवावा लागतो. तलवारबाजीचा पवित्राही पावलं वळवूनच घेतात, आणि सरदारांची पोरं नाच आणि तलवार एकाच वयात शिकत.

दुसरं कारण मला जास्त पटतं, ते रंगमंचाचं. १६७३ पासून पॅरिसचा ऑपेरा पॅले-रोयालच्या नाट्यगृहात होऊ लागला. तिथे मंच एका टोकाला आणि प्रेक्षक समोर. समोर राजा असताना पाठ कशी फिरवणार? तोंड पुढे ठेवूनच आडवं सरकायचं. उभे राहून करून बघा. चवडे सरळ पुढे असतील तर एक पाय दुसऱ्यावरून नेताना गुडघे एकमेकांत अडकतात. पाय बाहेर वळवले की मांड्या कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींसमोरून सहज जातात.

आता खुब्याकडे. हा उखळीचा सांधा, शाळेत शिकलेला. मांडीच्या हाडाचा गोळा ओटीपोटाच्या हाडातल्या खोबणीत बसतो. पण गोळा थेट हाडाच्या टोकावर नसतो. तो एका तिरक्या मानेवर असतो आणि मानेच्या बुडाशी बाहेरच्या अंगाला एक उंचवटा असतो. कुशीवर झोपल्यावर गादीत रुततो, तोच. चवडा पुढे ठेवून पाय बाजूला उचलला, तर साधारण ४५ अंशांवर मान आणि उंचवटा खोबणीच्या वरच्या काठापाशी येऊन अडतात. ताकद कितीही लावा, हाडाला हाड लागल्यावर पुढे काय? आता तोच पाय आधी बाहेर वळवा. उंचवटा मागे सरकतो, वाट मोकळी होते आणि पाय कानाच्या दिशेने चढतो. रुबाबासाठी घेतलेल्या पवित्र्यातून नर्तकांना हा असा घबाड लाभ झाला.

मग पाय किती वळावा? बहुतेकांचा खुबा बाहेरच्या दिशेला साधारण ४० ते ५० अंश वळतो. लुईच्या काळात पावलांमधला कोन ९० अंशांच्या आसपास होता, म्हणजे एका पायाला ४५. साधारण सरदाराच्या हाडांना झेपेल तेवढाच! पण १६७० च्या सुमाराला राजा मंचावरून उतरला, नाच पगारी नर्तकांच्या हाती गेला आणि कोन वाढत एकोणिसाव्या शतकात १८० ला पोचला. एका पायाला ९०. एवढं निव्वळ खुब्यातून क्वचितच कोणाला मिळतं.

कोणाचा खुबा किती वळेल, हे बरंचसं त्या तिरक्या मानेवर ठरतं. गुडघ्याच्या आडव्या अक्षाच्या तुलनेत मान किंचित पुढे झुकलेली असते: जन्मतः ३० ते ४० अंश, मोठेपणी १५ च्या आसपास. झुकाव जास्त, तर पाय आत वळायला सोपा. कमी, तर बाहेर. लहान मुलांची पावलं पुष्कळदा आत वळलेली दिसतात, त्याचं एक कारण हेच, आणि बहुतेकांची आपोआप सुधारतात. त्यासाठी बूट उलटसुलट घालणं, महागडे 'खास' बूट घेणं किंवा मालिशवाल्या बाईंनी पोराला रडेपर्यंत पिळणं, यातल्या कशानेही हाडाचा पीळ बदलत नाही.

हाडानंतर अस्थिबंध. खुब्याच्या पुढच्या बाजूला उलट्या वाय आकाराचा, शरीरातला सर्वांत मजबूत अस्थिबंध असतो. पाय सरळ ताठ असताना तो ताणलेला असतो आणि बाहेर वळण्याला अडवतो. खुबा वाकवला की सैलावतो. भरतनाट्यमच्या अरमंडीत गुडघे वाकवूनच पाय उघडतात, त्यामुळे तिथे या अस्थिबंधाशी झुंज कमी. (तंजावरच्या मराठा दरबारात, दुसऱ्या सरफोजींच्या पदरी असलेल्या चौघा भावांनी त्या नाचाची बैठक घालून दिली. म्हणजे दरबार तिथेही आहेच.) बॅलेत मात्र गुडघे ताठ हवेत. मग विद्यार्थिनी चोरी करतात. कंबर पुढे कलवून अस्थिबंध सैल करतात, किंवा गुडघे वाकवून पावलं हवी तशी रोवतात आणि मग सरळ उभ्या राहतात. वाकलेल्या गुडघ्यात नडगी थोडी फिरू शकते, सरळ गुडघ्यात जवळजवळ नाही. पावलं जमिनीच्या घर्षणाने जागीच खिळलेली, वर मांडी आत खेचतेय. सगळा पीळ गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो. चकतीवर घर्षणच नसतं. त्यामुळे तिथे दिसणारा कोन खुबा, नडगी आणि घोटा यांची बेरीज असते आणि खुब्याचा वाटा त्यातून कळत नाही.

तो वाटा कळायला पलंग पुरे. पालथं झोपा, एक गुडघा काटकोनात वाकवून तळवा छताकडे करा, कंबर हलू न देता नडगी दुसऱ्या पायाच्या दिशेने कलू द्या. उभ्या रेषेपासून ती जितकी कलली, तितका तुमचा खुबा बाहेर वळतो. मुलीला चकत्या घेऊन देण्याआधी हा कोन कोणाकडून तरी मोजून घ्या; ४५ च्या आसपास आला, तर लुईच्या दरबारात ती बिनदिक्कत नाचली असती.