चान्स काढणे (इंजिनीअरिंग प्रवेश, सोलापूर)

एमएचटी-सीईटीचा (इंजिनीअरिंगसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा) निकाल लागला की एवढ्या पर्सेंटाइलला कुठलं कॉलेज, कुठली ब्रँच लागेल याचा कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांआधी लावलेला अंदाज म्हणजे चान्स काढणे. सोलापुरात ही चर्चा घरच्या वालचंद इन्स्टिट्यूटपासून (स्थापना 1983) सुरू होते आणि पुण्याच्या सीओईपी, मुंबईच्या व्हीजेटीआयपर्यंत जाते. सांगलीचं वालचंद कॉलेज (1947) वेगळं, दोघांचे कटऑफ (शेवटच्या प्रवेशाचे आकडे) बघताना नाव नीट वाचावं.

सीईटीवरचे प्रवेश साधारण 2004 पासूनचे धरतात. मध्ये 2014 आणि 2015 ला जेईई मेन आणि बारावीचे मार्क मिळून मेरिट लागायचं, 2016 ला सीईटी परत आली. पर्सेंटाइल 2019 च्या ऑनलाइन परीक्षेपासून, म्हणून त्याआधीचे आकडे आजच्या मुलांशी जुळवून बघण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होम युनिव्हर्सिटीचा, म्हणजे मुलगा कुठल्या विद्यापीठाच्या भागातला धरायचा याचा. सोलापूर जिल्हा आधी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात होता, 2004 ला इथलं विद्यापीठ वेगळं झालं (आताचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ), आणि तेव्हापासून सांगली-कोल्हापूरची कॉलेजं आपल्यासाठी बाहेरची झाली. जिथे हा नियम लागतो तिथे साधारण 70 टक्के जागा होमवाल्यांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना, काही कॉलेजात मात्र जागा राज्यस्तरीय असतात. आता होम ठरतं बारावी कुठून झाली त्यावरून, घर कुठे आहे त्यावरून नाही. म्हणजे सोलापूरचाच मुलगा अकरावी-बारावीला लातूरला गेला तर त्याचं होम नांदेडचं विद्यापीठ, आणि परत सोलापुरात यायचं तर तो बाहेरच्यांच्या जागांवर लढतो. हे पालकांना दहावीनंतरच सांगायला हवं, जूनमध्ये कळून काही उपयोग नसतो हो.

कटऑफच्या पीडीएफमध्ये जीओपनएच, एलओपनएच, जीओबीसीओ असे कोड दिसतात. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींची जागा, मधे कॅटेगरी, आणि शेवटी एच होम, ओ बाहेरचे, एस राज्यस्तर. प्रत्येक चौकटीत वर मेरिट नंबर आणि खाली कंसात सात दशांशांपर्यंतचं पर्सेंटाइल. लोक कंसातलं बघतात, काही जण तीन वर्षांची सरासरी काढतात, काही फक्त मागच्या वर्षाचं धरतात. त्यापेक्षा मेरिट नंबर जास्त भरवशाचा वाटतो, कारण पर्सेंटाइल म्हणजे बसलेल्यांतला हिस्सा, तीन लाख बसले तर 95 वर पुढे साधारण 15 हजार आणि चार लाख बसले तर 20 हजार, जागा मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत. टीएफडब्ल्यूएसची (ट्यूशन फी माफी योजनेच्या जागा) रांग वेगळी बघायची, फी माफ असल्यामुळे त्याचा कटऑफ त्याच ब्रँचच्या ओपनपेक्षाही बऱ्याचदा वर जातो.

पर्यायांच्या यादीत वरच्या कॉलेजचं नाव आधी टाकलं तर खालचं हातचं जातं असं अजून बरेच जण समजतात, तसं नाही, वाटप मेरिटनेच होतं, म्हणून मनातलं कॉलेज सगळ्यात वर लिहावं. पण फ्रीझकडे, म्हणजे लागलेली जागा पक्की होण्याकडे, लक्ष हवं. 2025 ला चार फेऱ्या होत्या, त्यात पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी लागला की तोच पक्का, पुढच्या फेरीत जाता येत नाही.

मॅनेजमेंट कोट्याचे प्रवेश कॉलेज पातळीवर होतात, त्यांना हा अंदाज लागू पडत नाही.