पाठीत यंत्र बसवण्याआधी: पात्रता, ट्रायल आणि फाईल

मणक्याचे ऑपरेशन होते, पट्टा बांधून होतो, इंजेक्शने होतात, तरी दुखणे हटत नाही. मग नाशिक-पुणे-मुंबईचा एखादा डॉक्टर सांगतो की आत यंत्र बसवून बघता येईल. पेशंट घरी पोहोचेपर्यंत शेत विकायची बोलणी सुरू झालेली असतात. आमच्या घरी, अमळनेर तालुक्यात, वडिलांच्या बाबतीत हेच झाले. कोणता कागद आधी आणि कोणता नंतर हे सांगणारे तेव्हा कोणी भेटले नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

यंत्राचे नाव स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर. कण्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत बारीक तारा सरकवतात आणि बॅटरी कमरेखाली मागच्या बाजूला किंवा पोटावर कातडीखाली ठेवतात. विजेच्या हलक्या लहरींनी वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचताना दबावा, हा हेतू. 1967 मध्ये अमेरिकेत ते पहिल्यांदा माणसात बसवले गेले. सरकलेली गादी याने जागेवर येत नाही आणि झिजलेला मणका भरून निघत नाही. हे घरातल्या सगळ्यांना आधी समजावून सांगा.

कोणाला चालते? दुखणे किमान सहा महिन्यांचे हवे, औषधे आणि फिजिओथेरपी करून झालेली हवी. ऑपरेशननंतरही पायात उतरणारी, नसेची वेदना असलेल्यांचा विचार प्रामुख्याने होतो. अंगात जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा करतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, साखर आणि पेसमेकर यांची माहिती लपवू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले तर रागावू नका. दुखणे खोटे आहे असा त्याचा अर्थ नाही, तो तपासणीचाच भाग आहे.

आपली माणसे डॉक्टरसमोर बसली की फक्त "कंबर दुखते" एवढेच सांगतात. वडीलही तेच सांगत होते. उठता उठता ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पाय जयस रे भाऊ." डॉक्टरांनी विचारले, काय म्हणाले? पाय जळतो, मी सांगितले. त्यांनी पुन्हा बसवले, आग कुठून कुठे जाते ते बोटाने दाखवायला लावले आणि तसेच लिहून घेतले. जळजळ, मुंग्या, करंट मारल्यासारखे होणे हे तुमच्या बोलीत सांगा, पण सांगा. पात्रता ठरते ती यावरूनच.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना स्पष्ट विचारा. कोक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या 2023 च्या आढाव्यात 13 अभ्यासांतले 699 रुग्ण होते. कंबरदुखीत हे यंत्र नुसत्या दिखाऊ उपचारापेक्षा टिकाऊ फायदा देते, असे त्यातून दिसले नाही. त्याआधी 2022 मध्ये नॉर्वेत 50 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्र चालू असताना आणि बंद असताना फारसा फरक पडला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. काही डॉक्टर या अभ्यासांशी सहमत नाहीत आणि काही रुग्णांना आराम पडतोही. पण माझ्या मते हे ऐकल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नये.

ट्रायल. आधी फक्त तारा आत घालतात, बॅटरी बाहेर कमरेला अडकवलेली राहते. साधारण तीन ते सात दिवस बघतात. वेदना निम्म्याने तरी कमी झाली तरच पुढचे ऑपरेशन, असा सर्वसाधारण दंडक आहे. ट्रायल न करता थेट कायमचे यंत्र सुचवत असतील तर दुसरे मत घ्या. या दिवसांत वही ठेवा: सकाळ-दुपार-रात्र शून्य ते दहामध्ये आकडा, किती चालले, झोप किती लागली, गोळ्या किती घेतल्या. वडिलांच्या वहीत पाच दिवसांत आठाचा आकडा सहाच्या खाली आला नाही. सहाव्या दिवशी तारा काढल्या. शेत वाचले.

पैशांची फाईल. यंत्राचीच किंमत लाखांत जाते, त्यामुळे अंदाजपत्रक दोन टप्प्यांचे वेगवेगळे मागा, ट्रायलचे निराळे आणि कायमच्या यंत्राचे निराळे. आम्हाला आधी एकच ठोक आकडा लिहिलेली चिठ्ठी मिळाली होती, ती विमा कंपनीने परत पाठवली आणि तीन आठवडे गेले.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते योजनेच्या ठरलेल्या उपचारांसाठीच. संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून हा उपचार यादीत बसतो का ते विचारा, किंवा 155388 वर फोन करा.

धर्मादाय रुग्णालयाचा (म्हणजे नोंदणीकृत ट्रस्टने चालवलेल्या रुग्णालयाचा) रस्ता आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. तिथे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना वर्षाला 1,80,000 आणि दुर्बल घटकांना 3,60,000 रुपये. या योजनेत शरीरात बसवायच्या वस्तू रुग्णालयाच्या खरेदी किमतीलाच लावायच्या असतात. म्हणून दाखल होतानाच तिथल्या समाजसेवा विभागात तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड द्या. दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो, तेव्हा सेतूत दोन आठवडे आधीच अर्ज टाका.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी विहित अर्ज, खर्चाच्या अंदाजपत्रकाची मूळ प्रत (खासगी रुग्णालय असेल तर सिव्हिल सर्जनच्या सहीने प्रमाणित), चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि रिपोर्ट लागतात. रुग्णालयाचे नाव निधीच्या प्रणालीत असावे लागते. भरून झालेले बिल नंतर परत मिळत नाही, त्यामुळे अर्ज आधीच करा. आजार त्यांच्या यादीत बसतो का, तेही अर्जाआधी विचारून घ्या.

खासगी विमा असेल तर पूर्वमंजुरीच्या अर्जाला जुन्या उपचारांच्या चिठ्ठ्या, एमआरआय, फिजिओथेरपीच्या पावत्या आणि ट्रायलची वही जोडा. आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षे असू शकते. नकार आला तर कारण लेखी घ्या आणि आधी कंपनीकडेच तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही.

यंत्र बसल्यावर. यंत्राच्या सिरियल नंबरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या आणि यंत्राचे ओळखपत्र खिशात ठेवा. एमआरआय काढायच्या आधी ते दाखवावे लागते. आणि गावातल्या फिजिओथेरपी केंद्रात डायथर्मीचा, म्हणजे यंत्राच्या लहरींनी आत खोलवर दिला जाणारा, शेक कधीही घेऊ नका. तारांची टोके तापून आतला भाग भाजू शकतो. तो शेक देणाऱ्या मुलाला तुमच्या पाठीत काय आहे ते माहीत नसते, त्यामुळे शेकासाठी आडवे होण्याआधी तुम्हीच सांगा. तार सरकली, जखमेतून पाणी आले किंवा बॅटरीजवळ चटका बसला, तर डॉक्टरांना कळवाच, शिवाय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद 1800-180-3024 या नि:शुल्क क्रमांकावर करता येते. तेव्हा तेच स्टिकर समोर ठेवा.