रोजचं औषध आणि ब्रूनोची किडनी

आमच्या मजल्यावरचा ब्रूनो बारा वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. गेल्या हिवाळ्यात त्याचं उठणं बदललं. आधी पुढचे पाय रोवायचे, मग मागचं धड ओढून वर घ्यायचं, आणि फरशीवर पाय सटकला की पुन्हा मटकन बसायचं. मागच्या मांड्या वाळल्या होत्या, खांदे मात्र पहिल्यासारखेच रुंद होते. सांधेदुखीच्या कुत्र्याची हीच ठेवण होते, कारण तो सगळा भार पुढच्या पायांवर टाकायला लागतो. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, खुब्याचे सांधे झिजल्याचं दाखवलं आणि मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचं सिरप सुरू केलं. दहा दिवसांत ब्रूनो स्वतःहून दारापर्यंत यायला लागला. आणि मग त्याला सांभाळणाऱ्या काकूंनी औषध बंद केलं.

"अहो, रोज पेनकिलर दिली तर किडनी जाते म्हणतात. आणि तो काही रडत नाही, नुसता लंगडतो."

त्यातला 'रडत नाही' हा भाग आधी घेऊ. जुनाट दुखण्यात कुत्रा केकाटत नाही. तो कमी चालतो, जिन्याशी थबकतो, रात्री चार वेळा जागा बदलतो, एकच सांधा चाटत बसतो, लाडाने हात लावला तरी अंग काढून घेतो. हे सगळं दुखणंच असतं, आणि आपण त्याला म्हातारपण म्हणून सोडून देतो. खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर काकूंना सांगितलं, "घरावरचं काहीतरी त्याने अंगावर घेतलंय, घेऊ द्या." त्यामागे माया असेल, पण ब्रूनोने कोणाचं काही अंगावर घेतलेलं नाही. त्याच्या खुब्यातली कूर्चा झिजली आहे, आणि त्यावर औषध आहे.

किडनीचा भाग मात्र खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर संपत नाही.

मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब ही कुत्र्यांची औषधं आणि आपल्या कपाटातलं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक ही एकाच घराण्यातली. दुखापत झाली की पेशींच्या आवरणातून एक स्निग्धाम्ल सुटतं आणि कॉक्स नावाचं विकर त्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनवायला लागतं. प्रोस्टाग्लँडिनमुळे सूज येते आणि मज्जातंतू हळवे होतात. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अडचण अशी की प्रोस्टाग्लँडिन शरीरात इतर कामंही करतं. जठराच्या आतला श्लेष्माचा थर त्याच्या जिवावर टिकतो, म्हणून या औषधांनी जठरात व्रण होऊ शकतात. आणि मूत्रपिंडात ते जे काम करतं, ते मला शरीरातल्या सगळ्यात सुंदर यंत्रणांपैकी एक वाटतं.

कुत्र्याच्या एका मूत्रपिंडात साधारण चार लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी केशिकांचा एक गुंता असतो, आणि रक्त त्यातून जाताना दाबाखाली गाळलं जातं. शरीरात इतरत्र केशिकांच्या एका बाजूला धमनिका आणि दुसऱ्या बाजूला शिरेकडे जाणारी वाट असते. इथे दोन्ही बाजूंना धमनिका आहेत, एक आत येणारी, एक बाहेर जाणारी, आणि दोन्हींच्या भिंतीत स्नायू आहेत. म्हणजे दोन्ही तोंडं कमी-जास्त उघडता येतात. पाटावर दारं धरणारा शेतकरी आठवा. वरून पाणी कमी आलं तर तो वरचं दार मोकळं करतो, खालचं आवळतो आणि वाफ्यातली पातळी राखतो. मूत्रपिंड तेच करतं. कुत्र्याला उलट्या-जुलाब झाले, ऊन लागलं, पाणी कमी पडलं की रक्ताचा दाब उतरतो. मग अँजिओटेन्सिन नावाचं संप्रेरक बाहेरची धमनिका आवळतं. ते आतलीही आवळू बघतं, पण तिथे प्रोस्टाग्लँडिन आडवं येतं आणि ती उघडी ठेवतं. गुंत्यातला दाब टिकतो, गाळणं चालू राहतं.

आता यात औषध घाला. प्रोस्टाग्लँडिन बनत नाही, वरचं दार मिटायला लागतं, खालचं आधीच आवळलेलं आहे. गाळणं एकदम घसरतं. मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्याला एरवीही रक्त बेताचंच मिळतं, तिथल्या पेशी उपाशी पडतात. हे लांबलं तर इजा कायमची होते.

आता तोच कुत्रा भरपूर पाणी प्यालेला, नीट खाल्लेला, सावलीत पसरलेला डोळ्यांसमोर आणा. पाट भरून वाहतोय. प्रोस्टाग्लँडिनला वरचं दार धरून ठेवायची फारशी गरजच नाही, म्हणून ते कमी झालं तरी गाळण्यात विशेष फरक पडत नाही. निरोगी मूत्रपिंडाचे, पोटभर पाणी पिणारे असंख्य कुत्रे ही औषधं वर्षानुवर्षं घेऊन ठीक राहतात, ते याच कारणाने. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या पशुवैद्यकांच्या नियतकालिकात अशा औषधांच्या २८ दिवस किंवा त्याहून लांब वापराच्या अभ्यासांचा आढावा छापून आला. जास्त काळ दिल्याने सुरक्षितता कमी होते असं त्यात दिसलं नाही, उलट आराम वाढत जातो असं दिसलं. सुरक्षिततेची भक्कम आकडेवारी अजून तुटपुंजी आहे, हेही लेखकांनी त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

इथे एक गैरसमज डॉक्टरांच्या दवाखान्यातही ऐकू येतो. कॉक्स विकराचे दोन प्रकार, त्यातलं कॉक्स-१ चांगलं, कॉक्स-२ वाईट, आणि नवं औषध फक्त कॉक्स-२ रोखतं म्हणून किडनीला निर्धोक. जठराच्या बाबतीत यात बरंच तथ्य आहे. मूत्रपिंडाच्या बाबतीत नाही. कुत्र्याच्या मूत्रपिंडात कॉक्स-२ काही आजार नसतानाही हजर असतं, शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की आणखी वाढतं, आणि दारावरची राखण तेच करतं. म्हणून कितीही 'सिलेक्टिव्ह' औषध असलं तरी उलट्या करणाऱ्या कुत्र्याला ते त्या दिवशी द्यायचं नाही. उलट्या, अन्नावरची वासना जाणं, डांबरासारखी काळी शी, एकदम वाढलेली तहान, पिवळट हिरड्या, यातलं काहीही दिसलं तर आधी औषध थांबवायचं आणि मग फोन करायचा. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात औषधाच्या बाटलीइतकंच लक्ष पाण्याच्या भांड्याकडे हवं.

ज्याचं मूत्रपिंड आधीच कमकुवत आहे, त्याचा पाट कायमच अर्धा असतो. म्हणून औषध सुरू करण्याआधी रक्त आणि लघवी तपासायची, दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा, आणि नंतर साधारण दर सहा महिन्यांनी. मूत्रपिंडाने गाळून टाकायचा क्रिएटिनिन हा रक्तातला टाकाऊ पदार्थ एकटा मोजून पुरत नाही, कारण तो वाढेपर्यंत जवळपास पाऊण कार्यक्षमता गेलेली असते. लघवीची घनता आणि एसडीएमए ही रक्ताची तपासणी आधी इशारा देतात. यकृताचंही बघायचं. १९९८ मध्ये अमेरिकेत कार्प्रोफेनमुळे यकृताला इजा झालेल्या २१ कुत्र्यांची नोंद छापली गेली, त्यातले १३ लॅब्रॅडॉर होते. ही प्रतिक्रिया विरळ आहे आणि बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांतच येते. आणि प्रेडनिसोलोन! आपल्याकडे खाजेसाठी कुत्र्यांना स्टेरॉइड सर्रास दिलं जातं. ते चालू असताना या घराण्यातलं औषध दिलं की जठर फाटेपर्यंत मजल जाऊ शकते. डॉक्टर बदलला तर आधीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊनच जा.

आता कपाटातल्या गोळीबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त भीती तिची वाटते. नॅप्रोक्सेन माणसाच्या रक्तातून निम्मं व्हायला बारा ते सतरा तास लागतात. कुत्र्यांवरच्या एका अभ्यासात हाच काळ सुमारे ७४ तास निघाला, कारण पित्तातून आतड्यात उतरलेलं औषध पुन्हा शोषलं जातं आणि फेऱ्या मारत राहतं. दुसऱ्या दिवशीची गोळी पहिलीच्या डोक्यावर चढते. आयबुप्रोफेनही कुत्र्याला माणसापेक्षा कितीतरी कमी मात्रेत बाधतं. मेलॉक्सिकॅम दोघांनाही चालतं, पण मात्रेचं काय? कुत्र्याला पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि नंतर ०.१. तीस किलोच्या ब्रूनोला रोज ३ मिलिग्रॅम. माणसाची गोळी साडेसात किंवा १५ मिलिग्रॅमची असते.

एकाच औषधाचं वेगळ्या शरीरात काय होतं, हे आपल्या देशाने फार महागात शिकून घेतलंय. दुखऱ्या गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक गुरांना चाललं, पण त्यांची मढी खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं त्याने बंद पाडली. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं दीड दशकात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली, आणि गिधाडांना निर्धोक पर्याय म्हणून जे औषध पुढे आलं ते हेच, ब्रूनोच्या बाटलीतलं मेलॉक्सिकॅम.

हळदीच्या कॅप्सूल आणि 'शंभर टक्के नैसर्गिक' तेलांबद्दल एवढंच की हळदीतलं कुरकुमिन आतड्यातून फारच थोडं रक्तात जातं. ती घालायची तर घाला, पण तिच्या भरवशावर औषध बंद करू नका. ट्रॅमाडॉल हे माणसांचं दुसरं वेदनाशामकही कुत्र्यात फार चालत नाही. माणसाचं यकृत त्यापासून जो परिणामकारक पदार्थ बनवतं, तो कुत्र्याचं यकृत फारसा बनवतच नाही. नवी औषधं येत आहेत. ग्रॅपिप्रँट प्रोस्टाग्लँडिन बनू देतं आणि फक्त त्याचा दुखण्याचा निरोप पेशीपर्यंत पोचवणारं एक ग्राही (रिसेप्टर) अडवतं. बेडिनव्हेटमॅब हे महिन्यातून एकदा टोचायचं प्रतिपिंड आहे. त्याचा मोठा गाजावाजा झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच्या मज्जासंस्थेवरच्या दुष्परिणामांबद्दल पशुवैद्यांना पत्रही लिहिलं.

मात्रा कमी करायचा खात्रीचा मार्ग ताटातून जातो. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरच्या २४ जोड्या लावून जन्मभर अभ्यास केला गेला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं निघालं, दुसऱ्यांचं ११.२, आणि सांधे झिजायलाही त्यांच्यात उशीर लागला.

हे सगळं मी काकूंना एका बैठकीत सांगितलं नाही, तीन-चार संध्याकाळी लागल्या. ब्रूनोचं रक्त आणि लघवी तपासली, ठीक निघाली. औषध परत सुरू झालं, जेवणानंतर, बाटलीबरोबरच्या सिरिंजने पोळीच्या तुकड्यावर. फरशीवर दारापासून बाल्कनीपर्यंत जुन्या सतरंज्यांची पट्टी अंथरली आहे. रात्रीची तूप-पोळी बंद झाली आणि तीन महिन्यांत अडीच किलो वजन उतरलं, तशी डॉक्टरांनी मात्राही थोडी खाली आणली. एप्रिलमध्ये एका दुपारी तो दोनदा ओकला, तेव्हा काकूंनी सिरिंज हातात न घेता सरळ फोन उचलला. पुढची तपासणी नोव्हेंबरात आहे. कालनिर्णयच्या त्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाच्या खाली, त्यांनी लिहून ठेवलंय: ब्रूनो, रक्त.