सामूहिक ईहा म्हणजे बहुमत नव्हे, आणि सर्वांची इच्छाही नव्हे

अठराव्या शतकातला फ्रेंच भाषेत लिहिणारा तत्त्वज्ञ रूसो याच्या राजकीय विचारांवर मराठीत जे लिहिलं-बोललं जातं, मग त्या स्पर्धा परीक्षेच्या नोट्स असोत की रविवारच्या पुरवणीतला लेख, त्यात त्याच्या ‘सामूहिक ईहा’ (जनरल विल) या कल्पनेविषयी एक वाक्य हमखास भेटतं: ‘सामूहिक ईहा म्हणजे बहुसंख्यांची इच्छा.’ जरा सावध लेखक असला तर ‘सर्व लोकांची एकत्रित इच्छा’ असं लिहितो. पहिलं वाक्य चुकीचं आहे आणि दुसरं त्याहून चुकीचं, कारण रूसोने नेमकं तेच नाव घेऊन नाकारलं आहे. १७६२ साली आलेल्या त्याच्या ‘सामाजिक करार’ या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडातलं तिसरं प्रकरण उघडा. सर्वांची इच्छा आणि सामूहिक ईहा यांत पुष्कळदा मोठं अंतर असतं, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे. इतकं स्पष्ट वाक्य असताना अडीचशे वर्षांनंतरही दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्या जातात, याचा मला खरोखर त्रास होतो.

सर्वांची इच्छा कळायला अवघड नाही. प्रत्येकाला ‘तुला काय हवंय’ असं विचारायचं आणि उत्तरांची बेरीज करायची. तुमच्याआमच्या ओळखीचं मतदान बहुतेक वेळा असंच चालतं, त्यामुळे त्यावर जास्त शब्द खर्च करत नाही.

खरी ठेच लागते ती सामूहिक ईहेपाशी. लोकांना वाटतं फरक आकड्यांचा आहे: निम्म्याहून जास्त म्हणजे बहुमत, शंभर टक्के म्हणजे सर्वांची इच्छा, आणि त्यापलीकडे कुठेतरी, अधिक पवित्र अशी सामूहिक ईहा. पण फरक मोजणीत नाहीच. मत देताना माणूस कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय, यात तो आहे. ‘मला काय सोयीचं?’ हा एक प्रश्न. ‘आपण सगळे मिळून जो समाज झालो आहोत, त्याच्या हिताचं काय?’ हा दुसरा. माणूस तोच, हात वर करण्याची रीतही तीच, पण दुसऱ्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरातूनच सामूहिक ईहा व्यक्त होऊ शकते.

एका गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा डोळ्यांसमोर आणा. मेंटेनन्स वाढवायचा का, सिंकिंग फंडात भर घालायची का, असा ठराव आहे. कुणालाच जास्त पैसे भरायचे नाहीत, म्हणून ठराव एकमताने फेटाळला जातो. दहा वर्षांनी स्लॅब गळतो, प्लास्टर पडतं आणि दुरुस्तीला दमडी शिल्लक नसते. त्या दिवशी सर्वांची इच्छा अगदी पूर्णपणे व्यक्त झाली होती, एकही विरोधी मत नव्हतं. तरी इमारतीच्या हिताचा निर्णय झाला नाही, कारण प्रत्येकाने आपापल्या खिशाविषयीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. उलट एखाद्या सभेत जेमतेम बहुमताने झालेला निर्णयही सामूहिक ईहेशी जुळणारा असू शकतो. संख्या हे लक्षण नाहीच, एवढं मनात पक्कं झालं की अर्धं काम झालं.

हा माझा ओढूनताणून लावलेला अर्थ नव्हे. चौथ्या खंडाच्या पहिल्या प्रकरणात रूसो पैसे घेऊन मत विकणाऱ्या माणसाविषयी लिहितो. त्याच्या मते अशा माणसातलीही सामूहिक ईहा मरत नाही, तो तिला फक्त बगल देतो. त्याचा दोष कोणता? तो प्रश्न बदलतो आणि विचारलं एक असताना उत्तर दुसऱ्याचं देतो. ‘हे राज्याच्या हिताचं आहे’ असं मताने सांगण्याऐवजी ‘अमुक माणसाला किंवा अमुक पक्षाला हे फायद्याचं आहे’ असं तो सांगून जातो. संपूर्ण सिद्धान्ताची किल्ली या दोन-तीन ओळींत आहे, आणि नोट्समध्ये नेमकं हेच प्रकरण गाळलेलं असतं.

पुढच्याच प्रकरणात रूसो एकमताकडेही संशयाने पाहतो. निकोप समाजात एकमताच्या जवळ जाणं चांगलं, असं तो म्हणतो खरं. पण एकमत दुसऱ्या टोकालाही भेटतं, जिथे लोक गुलाम झालेले असतात आणि भीती किंवा खुशामत यांमुळे मतदानाचा जयघोष होतो. त्यासाठी तो रोमन इतिहासकार टॅसिटसचा दाखला देतो. ओथो रोमचा सम्राट असताना सिनेटर त्याचा प्रतिस्पर्धी व्हिटेलियस याला शिव्याशाप देत होते, आणि त्याच वेळी मुद्दाम प्रचंड गोंगाट करत होते. उद्या व्हिटेलियसच सत्तेवर आला तर कोण काय बोललं ते त्याला कळू नये, म्हणून. तोंडाने सगळे एक, आणि प्रत्येकाच्या मनात फक्त स्वतःची मान. सर्वांची इच्छा यापेक्षा नेमकी दाखवता येणार नाही.

याच प्रकरणातलं एक विधान मात्र सगळ्यांना पाठ असतं: माझ्या मताविरुद्ध निकाल लागला, तर सामूहिक ईहा काय आहे हे ओळखण्यात माझी चूक झाली, एवढंच सिद्ध होतं. यावरून ‘बघा, रूसो अल्पमताला गप्प बसवतो’ असा निष्कर्ष काढला जातो. पण मुद्दा तिथे संपत नाही. लगेच अट येते: सामूहिक ईहेची सगळी लक्षणं अजून बहुमतात टिकून आहेत, हे इथे गृहीत धरलं आहे, आणि ती टिकली नसतील तर तुम्ही कोणत्याही बाजूला असा, स्वातंत्र्य उरलेलं नाही. ही अट कापून विधान उद्धृत करणं मला अप्रामाणिक वाटतं. बहुमत हा सामूहिक ईहेचा पुरावा ठरू शकतो, पण लोक योग्य प्रश्नाचं उत्तर देत असतील तोवरच.

आता दुसरी बाजू, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. सामूहिक ईहा सर्वांकडून यावी लागते, तशीच ती सर्वांना लागूही व्हावी लागते. दुसऱ्या खंडाची चौथं आणि सहावं ही प्रकरणं यावर आहेत आणि माझ्या मते पुस्तकातला सर्वांत भक्कम भाग तोच आहे. कायदा म्हणजे सगळ्या लोकांनी सगळ्या लोकांसाठी केलेला नियम. कायदा विशेषाधिकार निर्माण करू शकतो, पण ते अमक्या नावाच्या माणसाला देऊ शकत नाही. वर्ग पाडू शकतो, पण कोण कोणत्या वर्गात बसणार त्याची नावं घालू शकत नाही. नाव आलं की तो कायदा राहत नाही, फार तर शासनाचा हुकूम होतो. हे बंधन केवळ तांत्रिक नाही. नियम मलाही लागू होणार हे ठाऊक असलं की ‘प्रत्येकजण’ हा शब्द ऐकताना माणूस स्वतःचा विचार करतो, आणि सर्वांसाठी मत देता देता न्याय्य मत देऊ लागतो. प्रत्येकजण संत आहे असं रूसो इथे धरत नाही. स्वार्थच न्यायाच्या दिशेला वळावा अशी ही रचना आहे.

ही कसोटी हातात घेऊन फ्रेंच राज्यक्रांतीतलं, २ जून १७९३ चं पॅरिस पाहा. सशस्त्र जमावाने आणि नॅशनल गार्डने वेढा घातलेल्या कन्व्हेन्शनने, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच संसदेने, जिराँडिस्ट या त्यातल्या मवाळ गटाच्या प्रतिनिधींना नावानिशी अटक करण्याचा ठराव केला. जनतेच्या इच्छेचा जप दोन्ही बाजूंनी चालू होता. जिराँडिस्टांचा विरोधक आणि क्रांतीचा नेता रोब्सपिएर रूसोचा भक्त होता हे खरं, आणि म्हणून पुढच्या दहशतपर्वाचं, त्यातल्या देहदंडांच्या सत्राचं बिल सरळ रूसोच्या नावावर फाडलं जातं. पण नावांची यादी असलेला, बंदुकांच्या धाकाखाली झालेला ठराव रूसोच्या स्वतःच्या व्याख्येनुसार सामूहिक ईहेची अभिव्यक्ती असूच शकत नाही. भक्ताच्या कृत्यांसाठी गुरूला जबाबदार धरायचं असेल, तर निदान गुरूचं सहावं प्रकरण आधी वाचावं.

बाकीचे फरक भराभर. खासगी इच्छांमधल्या एकमेकांना छेदणाऱ्या अधिक-उण्या गोष्टी वजा केल्या की सामूहिक ईहा उरते, हे रूसोचं गणित फार गाजलं, पण त्याच्या मागे लागू नये. ते एक चित्र आहे, सूत्र नाही. गटबाजी का वाईट, हे मात्र त्यातून दिसतं: गटाची इच्छा गटापुरती सामूहिक असते आणि राज्याच्या दृष्टीने खासगी. ‘सामूहिक ईहा नेहमी बरोबर असते’ या वाक्यानेही बिचकू नये. लोकांना आपलं हितच हवं असतं, पण ते कशात आहे हे त्यांना नेहमी दिसत नाही, आणि त्यांची फसवणूक होऊ शकते, हे रूसो लगेच मान्य करतो. दिदरो या रूसोच्या समकालीन फ्रेंच विचारवंताने १७५५ च्या विश्वकोशातल्या नोंदीत याच नावाने जे मांडलं, ते अख्ख्या मानवजातीबद्दल आहे. रूसोची सामूहिक ईहा एका विशिष्ट राज्यातल्या नागरिकांची. दोन्ही मिसळू नयेत.

‘स्वतंत्र होण्यास भाग पाडणं’ या पहिल्या खंडातल्या वाक्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ते तुरुंगाच्या दारावर लिहिल्यासारखं वापरलं जातं. संदर्भ आहे नागरिकाचे सगळे हक्क उपभोगून कर्तव्यं टाळू पाहणाऱ्या माणसाचा. त्याच्यावर कायद्याची सक्ती झाली नाही, तर बाकीचे त्याच्या मर्जीवर अवलंबून राहतात. कुणीही कुणा दुसऱ्या व्यक्तीच्या मर्जीवर जगू नये, हे रूसोचं स्वातंत्र्य. वाक्य प्रक्षोभक आहे, ते त्याने अधिक जपून लिहायला हवं होतं, पण त्याचा अर्थ छळ करून मत बदलणं असा होत नाही.

१७८९ च्या फ्रेंच मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं सहावं कलम म्हणतं की कायदा ही सामूहिक ईहेची अभिव्यक्ती आहे. इथवर शब्द रूसोचे. पण नागरिक ती प्रतिनिधींमार्फतही व्यक्त करू शकतात अशी भर त्याच कलमात आहे, आणि ती रूसोला अमान्य होती. इंग्रज लोक पार्लमेंटच्या निवडणुकीपुरतेच स्वतंत्र असतात, नंतर गुलाम, असं त्याने लिहून ठेवलं होतं.

रूसोवर माझा आक्षेप आहे, तो वेगळ्या जागी. बायकांना त्याने या नागरिकत्वाच्या बाहेर ठेवलं, म्हणजे ‘सर्वांकडून’ ही स्वतःची अट पहिल्याच पायरीवर मोडली. शिवाय बहुमत कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतंय, हे बाहेरून ओळखण्याची खात्रीची खूण तो देत नाही.

तसा प्रयत्न त्याने एकदा केला, पोलंडसाठी. तिथल्या सेइम या संसदेत एकट्या प्रतिनिधीला नकार देऊन अख्खं कामकाज उधळता येत असे, त्यामुळे राज्य खिळखिळं झालं होतं. १७७०च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडच्या शासनाविषयी लिहिताना रूसोने हा नकाराधिकार फक्त मूलभूत कायद्यांपुरता ठेवायला सांगितलं. बाकी ठिकाणी विषय जितका गंभीर तितकं मोठं बहुमत. आणि जवळजवळ एकमताने होणारा ठराव एकट्याने अडवणाऱ्यासाठी एक भयंकर सूचना केली: काही काळाने त्याच्यावर खास न्यायमंडळापुढे खटला चालवावा, आणि त्याला एकतर देहदंड द्यावा किंवा आयुष्यभराचा सार्वजनिक सन्मान, मधलं काही नाही. ही शिक्षा मला अजिबात मान्य नाही. पण त्या न्यायमंडळाने काय तपासायचं ते पाहा. तो एकटा होता की नाही, हे कुणी विचारणार नव्हतं. त्याचा नकार देशाच्या हिताचा होता का, एवढंच ठरवायचं होतं.