घरात बदल करण्याचं अनुदान: मुलांना सूट, मोठ्यांना चाचणी

इंग्लंडमध्ये अपंग व्यक्तीच्या घरात रॅम्प, जिन्यावरची लिफ्ट किंवा तळमजल्यावर न्हाणीघर करायला मिळणारं अनुदान आज 1996 च्या कायद्यावर चालतं. 1970 च्या कायद्याने अशा सोयींसाठी मदत करणं ही स्थानिक परिषदांची जबाबदारी ठरवली होती. 1989 च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र अनुदान आणलं आणि त्यासोबत उत्पन्नाची चाचणीही.

खरा वाद या चाचणीचाच. अपंग व्यक्ती आणि तिचा जोडीदार यांचं उत्पन्न आणि बचत बघून त्यांनी स्वतः किती भरायचं ते ठरतं. त्यांचा वाटा कामाच्या खर्चाइतका निघाला तर हातात काहीच पडत नाही. घरखर्च धरला जातो तो ठरीव आकड्यांनी. प्रत्यक्ष कर्जाचा हप्ता किती जातो, हे कुणी विचारत नाही. अपंग मुलाच्या बाबतीत आईवडिलांची कमाई मोजली जायची. त्यामुळे दोघंही नोकरी करणारी, कर्जाने वाकलेली कुटुंबं कागदावर सुस्थित ठरत आणि मुलाला जिन्यावरून उचलून नेत राहत. त्याविरुद्ध पालकांनी बराच आवाज उठवला. उत्तर आयर्लंडने आधी माघार घेतली आणि 2005 च्या अखेरीस इंग्लंडमध्येही मुलांसाठीची चाचणी रद्द झाली.

निर्णय योग्यच होता. पण सगळ्यात मोठ्याने बोलणारे त्या रांगेतून बाहेर पडले, ही त्याची दुसरी बाजू फारशी कुणी बोलून दाखवत नाही. चाळिशीत अपघाताने चाकाच्या खुर्चीत आलेल्या माणसाला बायकोच्या पगाराचा हिशेब आजही द्यावा लागतो, हप्ता तोच असला तरी. मुलाला लावलेला न्याय त्याला का लागू नये, याचं पटण्यासारखं उत्तर मला तरी सापडलेलं नाही. खर्च वाढेल, एवढंच एक कारण दिसतं.

2008 मध्ये अनुदानाची कमाल मर्यादा 25 हजारांवरून 30 हजार पौंड झाली आणि ती तिथेच राहिली. वेल्समध्ये ती 36 हजार आहे. स्कॉटलंडची पद्धतच निराळी, तिथे मंजूर खर्चाचा किमान 80 टक्के भाग मिळतो. इंग्लंडमध्ये केंद्राचा एकूण निधी मात्र 2015-16 च्या 22 कोटी पौंडांवरून 2021-22 मध्ये 57 कोटी 30 लाखांवर गेला. म्हणजे तिजोरीत पैसा वाढला, पण घराला खोली जोडायची असेल तर एका कुटुंबाच्या वाट्याची रक्कम जुन्याच आकड्याशी अडते. 2018 च्या स्वतंत्र आढाव्याने मर्यादा आणि चाचणी दोन्ही बदलायला सुचवलं होतं.

दरम्यान 2002 च्या एका आदेशाने मिळालेली मुभा वापरून काही परिषदा लहान कामांना चाचणी लावत नाहीत, तर काही कमाल मर्यादेच्या वरही पैसे देतात. शेजारची परिषद तसं करेलच असं नाही.