हवामान बदल आणि डॉक्टर (ठाणे–नवी मुंबई)

हवामान बदलामुळे बळावणारे आजार ओळखणे, त्यांवर उपचार करणे आणि रुग्णाला व पालिकेला वेळीच सावध करणे हे डॉक्टरांचे काम. केंद्र सरकारने २०१९ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. खरा भार मात्र गल्लीतल्या दवाखान्यावरच पडतो.

खाडीकाठच्या या शहरांत उकाड्याचा अंदाज नुसत्या पाऱ्यावरून बांधता येत नाही. हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. म्हणून हवामान खाते किनारपट्टीवर पारा ३७ अंशांवर गेला आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी चढला, तरी उष्णतेची लाट मानते. मैदानी भागात ४० अंशांची अट आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानात झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर १४ जण दगावले. उष्माघातात अंगाचे तापमान ४० अंशांच्या वर जाते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. रुग्णालयाची वाट न पाहता जागच्या जागी गार पाण्याने भिजवून वारा घालावा लागतो.

एप्रिलमध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेट या कारखान्यांच्या भागातला एखादा कामगार चक्कर येते म्हणून आला, तर बीपी मोजताना दोन गोष्टी विचारायलाच हव्यात: घरावर पत्रा आहे की स्लॅब, आणि काम उन्हातले की भट्टीजवळचे? पत्र्याखाली रात्रीही अंग थंड होत नाही. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाणी आणि क्षार आणखी घटतात. मात्रा बदलायची का, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. रुग्णाने परस्पर गोळी सोडणे धोक्याचे. केसपेपरवर छपराचा रकाना असावा, इतका हा प्रश्न मोलाचा आहे.

पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार). २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोची साथ पसरली होती. साचलेल्या पाण्यातून, त्यातही पायाला जखम असताना, चालत आलेल्याला लेप्टो टाळण्यासाठी तीन दिवसांच्या आत डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक द्यायचे की नाही हे तपासून ठरवतात.

मृत्यूचा दाखला हाही याच कामाचा भाग. उन्हात कोसळलेल्या माणसाच्या दाखल्यावर फक्त ‘हृदयविकार’ लिहिले, तर उष्णतेचा बळी पालिकेच्या हिशेबात येतच नाही, आणि पाणपोई व सावली कोणत्या वस्तीत आधी हवी हे कळत नाही.