जयंती नाला: उगमाचं पाणी आणि तोंडावरचा बांध

कोल्हापूरच्या दक्षिणेला कात्यायनीची टेकडी आणि तिच्या अलीकडे कळंबा तलाव. जयंतीचा पाणलोट इथून सुरू होतो. पुढे रामानंदनगर, हुतात्मा पार्क, लक्ष्मीपुरी असा शहराच्या मधून वाहत हा ओढा पंचगंगेला मिळतो. वाटेत गोमती हा दुसरा ओढा त्यात येतो.

खालचा खडक दख्खनचा काळा पाषाण, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याचे कठीण थर पाणी धरत नाहीत. वरचा कुजलेला मुरूम पावसाळ्यात पाणी पितो आणि नंतर हळूहळू सोडतो. कात्यायनीचे झरे त्यातलेच. म्हणून मूळची जयंती पावसाळ्यात भरणारी आणि उन्हाळ्यात जेमतेम ओली राहणारी. नदीजवळ मात्र जमीन सपाट होते, मुरूम संपून गाळाची काळी माती लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानाने शहराला पाणी देण्यासाठी कळंबा तलाव बांधला. तेव्हापासून वरच्या अंगाचं पाणी आधी तलावात, आणि सांडव्यावरून जाईल तेवढंच ओढ्यात. याच काळानंतर शहरातली जुनी तळीही एकेक करून बुजली. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाची मंडई झाली. पावसाचं पाणी थोपवणाऱ्या जागा गेल्या आणि भार उरलेल्या ओढ्यांवर आला. गांधी मैदानात आजही पावसाळ्यात तळं साचतं, त्यात नवल काही नाही.

आज जयंती बारमाही वाहते, पण ते पाणी झऱ्याचं नाही, सांडपाण्याचं आहे. खरा वाद इथे आहे. पंचगंगेत मैला जाऊ नये म्हणून ओढ्याच्या तोंडाजवळ आडवा बांध घालून पाणी अडवायचं, पंपाने उपसायचं आणि कसबा बावड्याच्या 76 दशलक्ष लिटर क्षमतेच्या केंद्रात शुद्ध करायचं, अशी व्यवस्था झाली. बाजू घेणाऱ्यांचा मुद्दा सरळ होता: शहराचा मोठा उतार ओढ्याकडेच आहे, पाणी आपोआप गोळा होतं, मग गल्लोगल्ली खोदाई कशाला? विरोधकांचं म्हणणं, मैला घरापासूनच वेगळ्या नळाने न्या, ओढा मोकळा ठेवा. पहिला मार्ग स्वस्त होता, लवकर होणारा होता, तो निवडला गेला. पण त्या निवडीने ओढा कायमचा गटार ठरला, ही गोष्ट कागदावर कुणी ठळकपणे लिहिली नाही.

तांत्रिक अडचणही तिथेच आहे. उन्हाळ्यात येणारं पाणी पंपांना पेलतं. पावसाची मोठी सर आली की सांडपाणी आणि पावसाचं पाणी एक होतं, बांधातले बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढावे लागतात, आणि सगळं न शुद्ध होता नदीत जातं. पूर चढला तर पंपच बंद ठेवावे लागतात. म्हणजे ज्या महिन्यांत ओढा सर्वांत जास्त वाहतो, त्याच महिन्यांत ही व्यवस्था सर्वांत कमी कामाची. न्यायालयात प्रदूषणाचा प्रश्न गेला, आदेश निघाले, पंपांची संख्या वाढत गेली. अडवण्याची जागा मात्र बदलली नाही.

2019 आणि 2021 च्या पुरांनी दुसरी बाजू दाखवली. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी. दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या वर गेलं. अशा वेळी नदी ओढ्याचं पाणी घेत नाही, उलट ओढ्याच्या वाटेने शहरात शिरते. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली हे भाग याच फुगवट्यात येतात. गणपतीच्या मूर्ती ऐन तयारीच्या दिवसांत उचलून न्याव्या लागल्या त्याही याचमुळे. पूररेषा आखताना निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची धरतात. त्यांवरून बांधकाम परवान्यांची भांडणं अजून चालू आहेत.

रामानंदनगरच्या घरांत शिरणारं पाणी या हिशेबात बसत नाही. तिथे नदीचा फुगवटा पोचायची गरजच पडत नाही. वरच्या उतारावर घरं आणि काँक्रीट आलं, मुरमात जिरणारं पाणी थेट ओढ्यात उतरू लागलं, आणि ओढ्याचं पात्र भराव टाकून आवळलं गेलं. तासाभराच्या जोरदार पावसात घरांत पाणी येतं तेव्हा पंचगंगा शांतपणे पात्रातच असू शकते, आणि राजाराम बंधाऱ्यावरची मोजपट्टी त्या पुराबद्दल काहीच सांगत नाही.